टच तपासताना

शहापूरच्या खडेबाजारात, सोनारांच्या दोन पेढ्यांमध्ये
दाबून बसवलेलं माझं दुकान. रुंदी साडेपाच फूट.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
'मोबाईल' हा शब्द दोन्ही ओळींत एकाच आवाजाचा.

पोरगा आला शाळेच्या गणवेशात,
फोन रुमालात बांधून,
काचेचे कण गळू नयेत म्हणून.
'अण्णा, होतंय की नाही?'
होतंय की, बस म्हटलं.
पावतीवर नाव: बाळेश. वडगाव, मागवाल्यांची गल्ली.
मराठी बोलतो सावकाश,
एकेक शब्द आधी टेकवून बघतो, पेलतो का.

गरम हवेनं डिंक सोडवला, नवी काच बसवली,
टच तपासायला बोट फिरवलं:
डावा कोपरा, उजवा कोपरा,
आणि मधोमध बोट टेकलं तिथं
उघडल्या त्याच्या खेळातल्या गप्पा.

तिथं मी होतो.

मी म्हणजे काळरात्र_७.
शटर ओढल्यावर जो होतो तो,
मंगळवारचा, अकरा चाळीसचा.

झालं होतं एवढंच,
नव्या आवृत्तीत नीलाक्षीच्या बाणाचा पल्ला
चार पावलांनी कमी केलेला,
आणि आम्ही नीलाक्षीवाले पेटलेले.
त्यात कुणीतरी लिहिलं,
'मला तर आता जास्त मजा येते.'
पुढं एक हसरा चेहरा.
लिहिणाऱ्याचं नाव तेव्हा बघितलंच नव्हतं.
आनेमरी.
हत्तीचं पिल्लू. एवढं कन्नड मला येतं.

त्यावर माझे निरोप नऊ.
पहिल्यात बाण होता.
दुसऱ्यापासून बाण नाही.
चौथ्यात त्याची आई आली.
सातव्यात मी त्याला मरायला सांगितलं,
बसमध्ये आपण कुणाला
जरा सरका म्हणतो, तितक्या सहज.
सगळं हिंदीत.
ना माझ्या घरची भाषा, ना त्याच्या.
लग्नाला भांडी आणतात तशी भाड्यानं आणलेली,
खरकटी परत करायची.

नवव्याच्या खाली त्याचं एकच उत्तर,
'सॉरी अण्णा.'

अण्णा.
या सीमेवर तेवढा एक शब्द असा,
ज्याची हद्द मोजायला कुणी आलं नाही.

'अण्णा, झालं?'
बाकावर तो पाय हलवत बसलेला.
मी गप्पा मिटल्या. काचेवरचा माझा ठसा पुसला.
साडेअठराशे सांगायचे होते, चौदाशे सांगितले.
त्यानं मोजून दिले, दहादहाच्या नोटांसकट,
आणि काचेत स्वतःचे दात बघत गेला.

गल्ल्याशी बसून मी भागाकार केला.
साडेचारशे भागिले नऊ.
निरोपाला पन्नास.
हिशेब पुरा सुटला, बाकी शून्य,
तेव्हा मात्र कान तापले.

रात्री शटर ओढलं. खेळात शिरलो.
आनेमरी आधीच आलेला, नव्या काचेमागं.
कुणी नवखा विचारत होता,
'बाण कसा सोडायचा?'
आणि आनेमरीनं त्याला दिला
माझा चौथा निरोप.
जसाच्या तसा.
माझी शुद्धलेखनाची चूकसुद्धा तिथल्या तिथं.
खाली लोक हसले. मंगळवारी हसलेले तेच.

'बाळेश,' असं टाईप केलं.
खोडलं.
'मी तोच,' असं टाईप केलं.
तेही खोडलं, आणि खोडताना
सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मग नवख्याला लिहिलं,
'बोट दाबून धर. वारा कुठला ते बघ. मग सोड.'
मराठीत. इथं पहिल्यांदाच मराठीत.
त्याला कळलं का, कोण जाणे.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग आनेमरीच्या नावापुढं तीन ठिपके उठले.
काहीतरी लिहीत होता,
थांबत होता, पुन्हा लिहीत होता,
मी हातानं बसवलेल्या काचेवर.